दोरी

शेळ्यांचं दूध काढायला निघताना
सारनाय बाळाच्या कमरेला दोरी बांधते,
दुसरं टोक पलंगाच्या खुराला.
तंबूच्या मधोमध गोवऱ्यांची शेगडी, लालबुंद.
दोरी तिच्या वीतभर अलीकडे संपते.

मागच्या महिन्यात त्याचे हात लांबले,
तेव्हा एक गाठ वाढवली.
काल पहिला दात दिसला.
दाताचा दोरीशी काही संबंध नाही,
तरी तिनं गाठ पुन्हा ओढून पाहिली.

बाहेर गोबीचा वारा. बोटं बधिर.
लंगडी शेळी टेकडीआड गेली.
सारनाय हाका मारते,
पाय मात्र उचलत नाही.
टेकडीपलीकडे रडणं ऐकू येत नाही.

रात्री नवरा विचारतो,
चार पावलं जायला काय झालं होतं?

ती कमरेचा पट्टा सोडत म्हणते,
दोरी पुरली नाही.