दीड इंच

दस्तगीर शिकलगारनं रिम लेथवर चढवली,
आणि मधोमध कापली.
उद्यमनगरात दुपारचे तीन,
फौंड्रीची काळी वाळू चहाच्या बशीत.
"दीड इंच वाढवायची," तो म्हणाला,
"पर आतनं का भायेरनं, ते आधी सांगा.
आत घेतली तर पाट्याला घासणार,
भायेर घेतली तर लोक बघणार."
बघू देत, म्हणालो.

गाडी आप्पांची. सदुसष्टची फियाट,
ताकाच्या रंगाची,
पैलवानाच्या पायात पोराची चप्पल
तशी तिची चाकं.
चौऱ्यांशी साली विचारलं होतं मी,
आप्पा, रुंद टायर टाकूया?
आप्पा वजनमापं खात्यात.
गूळ बाजारातल्या काट्यांवर शिक्के मारत हयात गेली.
पेपरातनं मान वर न काढता म्हणाले,
"कंपनीनं माप काढलं ते काय येडे हुते?"
विषय संपला.
एकोणचाळीस वर्षं तो संपलेलाच होता.

नवी चाकं बसली. स्टेअरिंग पुरतं वळवलं
तर टायर मडगार्डचा काठ खायला लागला.
दस्तगीरनं गॅस कटर पेटवला,
मी त्याचा हात धरला.
त्या काठाला आतनं रेड ऑक्साईड आहे,
दर दिवाळीला पोत्यावर उताणे पडून
आप्पांनी ब्रशनं लावलेला,
कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी.
"मग कापायचं न्हाई म्हंता?"
कापायचं नाही.
त्यानं अरमानला तालमीत पिटाळलं,
पोरगं खांद्यावर करेला घेऊन आलं.
टायर आणि पत्रा यांच्यात तो लाकडी करेला,
दोघं मागनं गाडी ढकलणारे, हळू, हळू रं,
आणि कानवल्याला मुरड घालावी
तसा पत्रा आत दुमडत गेला.
रंगाचा एक पोपडा पडला फक्त.
तो मी खिशात टाकला. का, ते माहीत नाही.

स्टेअरिंग जड झालं.
रस्त्यातला खडा न् खडा तळहाताला कळायला लागला.
रंकाळ्यावर एक पोरगं ओरडलं, नाद खुळा काका!
छप्पन्नाव्या वर्षी मी लाजलो.

रविवारी जोतिबाला गेलो.
डॅशबोर्डच्या कप्प्यात आप्पांची वही:
तारीख, पेट्रोल, किलोमीटर.
घर ते जोतिबा, अठरा.
एक्केचाळीस खेपा, एक्केचाळीस वेळा अठरा.
मी पोचलो तेव्हा काट्यावर सतरा आणि वर थोडं.
डोंगर तिथंच होता.
टायर उंचीलाही वाढलं होतं, फेरे कमी पडले.
शंभराला पाचची तूट.
एवढ्या तुटीपायी त्यांनी एकदा
सख्ख्या साडूचा काटा जप्त केला होता,
आणि मावशी वर्षभर आमच्या दारात आली नव्हती.
मी पेन काढलं.
सतरा लिहावं की अठरा?
ओळ कोरी ठेवली.

उतरताना केर्लीजवळ खिळा.
पुढचं डावं चाक बसलं.
डिकीत पाचवं चाक तेवढं जुनं होतं,
बारीकच, कारण रुंद तिथं मावत नाही.
त्यावर ऑइलपेंटनं त्यांचं अक्षर: हवा २४.
रस्त्याकडेला उकिडवा बसून लावलं ते.
हवा दाबून बघितली. होती.

तीन रुंद, एक बारीक.
गाडी लंगडत निघाली, आणि सारखी
डावीकडं ओढायला लागली.
मी उजवीकडं धरतोय, ती डावीकडं,
शिकवताना शेजारी बसून ते बोटानं दाखवायचे तशी,
डावीकडनं. डावीकडनं चल.
शिवाजी पुलापर्यंत दंड भरून आले.

सोमवारी दस्तगीरनं पंक्चर काढलं,
ते बारीक चाक पायानं लोळवत विचारलं,
"ह्ये पण करायचं काय रुंद? लेथ मोकळं हाय."
मी म्हणालो, नको.
डिकीत जागा नाही.