वाफेचा हिशेब

उद्यमनगरात, धैर्यशील शिंत्रेच्या शेडमध्ये,
टेबलावर थर्मासएवढं नळकांडं.
आत निकेलची पूड, थोडा हायड्रोजन,
आणि, शिंत्रे म्हणाला, वीस किलोवॅट.
अणूला अणू जुळतो म्हणे आत,
आवाज न करता.

माझ्या खिशात चेक होता,
त्याच खिशात फौंड्रीचं लाइटबिल.

गुलाबचाचांना मुद्दाम नेलेलं.
चाळीस वर्षं भट्टीपुढं, डाव्या भुवईला केस नाहीत.
लोखंडाचा रंग बघून डिग्री सांगतात,
मीटर मागनं कबूल होतो.

चाचांनी नळकांड्यावर हात ठेवला
आणि काढलाच नाही.
"वीस म्हणजे दहा गिझर की हो.
एवढ्याशा डबीत दहा गिझर कोंडले
तर हात राहील का माझा?"

"उष्णता सगळी वाफेतनं जाते."
वाफेची नळी भिंतीच्या भोकातनं
मागं गटारीकडं गेलेली.

चाचा मागं गेले. नळी उचलली.
वाफ नावाला. पाणीच,
अंघोळीला चालेल असलं.
बोटं धुतली, रुमालाला पुसली,
आत येऊन म्हणाले, चहा घेऊया.

टपरीवर मी विचारलं, लबाड आहे का पोरगा?
"छ्या. लबाडानं नळी नीट लपवली असती.
ह्यानं मोजलंच नाही.
मोजायची भीती वाटत असंल."
गिलास दोन बोटांनी कडेला धरून
फुंकर मारली.
"तुम्हालाबी वाटत होती."

चेक अजून खिशात आहे,
घामानं बिलाला चिकटलेला.