पोच

हर्णै बंदर, सोसायटीचं ऑफिस, खाली बर्फाचा कारखाना.
सर्व्हर पालथ्या क्रेटवर,
कारण जमिनीला ओल सुटते.

मी म्हटलं, ब्रोकर बसवायचाय.
चोगले सेक्रेटरींनी चष्मा वर सारला:
‘दलाल? गो बाय, चार आहेत की खाली लिलावात.’

हा कमिशन खात नाही.
होडीचा निरोप घेतो, उघडत नाही,
ज्याचा त्याला देतो
आणि पोच येईपर्यंत हातातून सोडत नाही.

‘मग दलाल नव्हे, हा खिळा.’
भिंतीवर होता खरा, गंजलेला,
चिठ्ठ्या टोचलेल्या:
गणेशप्रसाद, डिझेल चाळीस लिटर.
मासूमा, जाळं फाटलं, उद्या येतो.

पॅकेज उतरायला पाऊण तास.
‘पाहुणा’ नावाचा आयता युजर आधी काढून टाकला.
पोर्ट उघडलं म्हटल्यावर
चोगले खिडकीतून बंदराकडे बघायला लागले.

रांगा टिकाऊ केल्या. दोनदा तपासलं,
कारण इथली लाईट.
गेलीच ती, सव्वासातला.
कंप्रेसर थांबला, आणि
खाली बर्फ तडकताना ऐकू आला.

परत आली तेव्हा सर्व्हिस आपली आपण उठली.
रांगेत एक निरोप, जागच्या जागी,
मासूमासाठी: बर्फ तयार आहे.
पोच नाही.

‘इस्माईल रेंजच्या बाहेर असेल. येईल,’
म्हणत चोगल्यांनी
पावतीच्या पाठीवर तेच लिहिलं
आणि खिळ्याला टोचलं.

मी काही बोलले नाही.
दोन ठिकाणी असलेलं बरं.