सोमवारचा ग्रुप

उद्यमनगरात माझा लेथ आहे, भाड्याच्या शेडात.
पंपाचे शाफ्ट काढतो.
मापात दोन शतांश इकडंतिकडं झालं
तर माल परत येतो, शिवीसकट.

म्हणून गौतमी दुधाळीच्या रेंजवर जायला लागली
तेव्हा तिचे कागद मीच मोजायचो.
रात्री ताटं उचलली की व्हर्नियर काढायचा,
फडक्यानं तेल पुसायचं,
पाच भोकांतली सगळ्यात लांबची दोन धरायची,
बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत,
त्यातून छऱ्याचे साडेचार वजा.
सात पूर्णांक दोन, मी म्हणायचो.
ती वहीत लिहायची.
बायको म्हणायची, त्यानं एकदा माझी भाकरी पण मोजा.

लोखंड सांगतं, मी इथं संपलो.
पुठ्ठा सांगत नाही. धागे धागे असतात.
जबडा जरा दाबला की भोकच वाकतं
आणि ग्रुप सुधारतो.
कधीकधी मी दाबायचो.
थोडंसं.

मग बागवान सरांनी पोरांच्या फोनवर ते ॲप टाकलं.
फोटो काढायचा, मधल्या काळ्या गोलाला बोट लावायचं,
साडेतीस मिलिमीटर, एवढं एकच ते विचारतं,
बाकी त्याचं ते.
भोकाभोवती हिरवी वर्तुळं, मध्ये लाल फुली:
सगळे छरे मिळून जिथं लागले असं समजायचं, ती जागा.
"आता मीच मोजतो की, पप्पा," पोरगी म्हणाली.
व्हर्नियर पेटीत गेला, त्याच्या मखमली खाचेत.

पहिल्या दिवशी त्याला चारच भोकं सापडली.
पाचवा छरा कुठं गेला?
मी भिंग घेतलं. एकातून दोन गेले होते,
कड पानासारखी दुमडलेली.
तिनं बोटानं पाचवं वर्तुळ चौथ्यावर ठेवलं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण ते विसरत नाही.
वहीची पानं मी कधी मागं उलटली नव्हती,
ते रोज उलटतं, आणि शेजारी शेजारी उभी करतं.
एका रात्री फोन चार्जिंगला होता, उघडाच.
बुटके दांडे: सात, साडेसात, सात, आठ,
मग एक उंच.
परत बुटके. परत उंच.
लेथवर असं आलं की आम्ही ओळखतो,
ठरावीक फेऱ्यांनी येणारी खोट
मालात नसते.

उंच दांड्यांवर बोट ठेवत गेलो.
सोमवार, साडेअकरा.
सोमवार, बारा.
सोमवार, बारा पूर्णांक चार.
फुली डावीकडं, खाली.

सोमवारी उद्यमनगर बंद.
सोमवारी मी रेंजवर असतो,
तिच्या मागं, बाकावर, डबा मांडीवर घेऊन,
श्वास धरून.

दांड्याखाली नोंद लिहायला एक रकाना होता.
इतर दिवशी तिनं लिहिलं होतं: उजेड कमी. नवा छरा. खांदा दुखतो.
सोमवारी सगळे रकाने मोकळे.

पुढच्या सोमवारी म्हणालो, शेडात अर्जंट काम आहे.
आणि रंकाळ्याच्या कठड्यावर जाऊन बसलो.
भडंगाची एक पुडी संपवली, दुसरी घेतली.
एक म्हैस पाण्यात उतरली, तिला कुणाची घाई नव्हती.
दहा वाजले. पहिली मालिका सुरू झाली असणार.
श्वास मी इथंही धरलेलाच होता.

रात्री तिनं फोन पुढं सरकवला.
तेरा पूर्णांक एक.
"कुठं हुता?"
"शेडात."
"शेडला कुलूप हुतं. मी जाऊन आलो."

पंखा फिरत होता. बायको भांडी लावायची थांबली.

मी पेटी काढली, फडकं घेतलं,
कागद आण म्हटलं.
तिनं तो दोन्ही हातांनी धरला, ताणून,
धागे बाहेर आलेले.
मी जबडा लावला.
दाबला नाही.
तेरा पूर्णांक एक, मी म्हणालो.

ती उठली,
माळ्यावरच्या पिशवीत हात घालून
जुनी वही शोधायला लागली.