दृश्य बारा, बाहेर, दुपार

पाचही भाग वाचलेत म्हणाले.
वाचले होते एकाच जणीनं, आणि ती सुट्टीवर होती.
उरलेले सहा चेहरे चौकटीचौकटींतून
माझ्या मागच्या कूलरकडे बघत होते.
तो आवाज बंद करता येईल का?
मे महिना आहे, म्हटलं. नाही येणार.

पहिला प्रश्न धुक्याचा.
रक्तपिशाच म्हटलं की धुकं लागतं, मॅडम,
गोष्ट महाबळेश्वरला नेऊ या?
मी सांगितलं, माझा निशिकांत महालातला आहे.
भोसल्यांच्या काळापासून सोळा वर्षांचा,
आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही,
कारण सत्तेचाळीस अंशांत भर दुपारी
बाहेर न पडणारा मुलगा इथे संशयास्पद नसतो,
शहाणा असतो.
इथं पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून
नुसत्या डोळ्यांनी स्कूटी चालवतात,
पडदे ओढून अख्खी गल्ली मरून पडते
आणि रात्री दहाला फुटाळ्यावर उठून बसते.
धुकं कशाला?
आमच्याकडे ऊन आहे.

कुणीतरी ‘ऊन’ असं लिहून घेतलं.
दोन महिन्यांनी संहिता आली,
चौथ्या पानावर धुकं.

‘काहून’चं ‘का बरं’ झालं होतं.
निशिकांतचा विआन,
नावात तरुणपणा हवा म्हणून.
लसणाच्या वासानं सावजीच्या गल्लीतून तो पळत सुटतो
तो प्रसंग राहिला,
फक्त त्यात आता एका मसाल्याचं पाकीट दिसतं.
मी सह्या करत गेले.
फ्लॅटचे हप्ते मलाही आहेत.

मग करिश्मा गजभियेच्या आजाराशी आले.

एकोणीस वर्षं रक्तपेढीत काढलीत मी.
काचपट्टीवर गोल गोल पेशींत
मधेच एक वाकलेली.
विळ्यासारखी, असं पुस्तकात असतं.
मला ती बीजेच्या कोरीसारखी दिसली,
आणि पाच भाग तिथूनच निघाले:
की एका रात्री तो तिच्या मनगटाशी झुकतो
आणि थांबतो.
दयेनं नाही. प्रेम तर अजून दोन भाग लांब.
त्याला वासावरूनच कळतं
की हिला आतून कुणीतरी आधीच पितंय.

आजार जड होतो, म्हणाले, जेवायच्या वेळेला.
शाप करू या?
जुना, देखणा, शेवटी मोडता येईल असा.

मेडिकलच्या वॉर्डात प्राची उईके येते,
उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की, हिवाळ्यात थंडी लागली की.
चौदा वर्षांची.
सलाईन नसलेल्या हातात चौथा भाग,
पानांवर औषधाचे पिवळे डाग.
टीव्हीवर येऊन राहिलं म्हणून सांगितलं.
“करिश्माचे पाय दुखते का त्याच्यात?”
नाही गं. शाप आहे तिला.
“कायचा?”
मला सांगता आलं नाही.
तिनं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.
“मंग तो थांबते काहून?”

तेवढीच ओळ मी मुंबईला पाठवली.
तिचं ‘काहून’ तसंच ठेवून.
उत्तर आलं नाही.

चित्रीकरणाला बोलावलं होतं.
दृश्य बारा, बाहेर, दुपार,
घेतलं रात्री दोनला,
क्रेनवर चार मोठे दिवे चढवून,
कारण नटाला ऊन सोसेना.
तो व्हॅनच्या सावलीत ओला टॉवेल घेऊन बसलेला.
मॅडम, दिवसा नाही जमणार हो, म्हणाला,
आणि त्या एका वाक्यापुरता
पूर्ण निशिकांत होता.

खोटं रक्त साखरेच्या पाकाचं.
बादली उचलताना माझ्या बाहीला लागलं.
घरी जायला वेळ नव्हता, तशीच पेढीवर आले.
प्राचीच्या नावाची पिशवी काढली,
गट दोनदा तपासला,
नोंदवहीत वेळ लिहिली, सहा चाळीस,
तर लिहिणाऱ्या हातावर
मुंग्या.