चोवीस किलो

दुकानात दोघं शेजारी शेजारी ठेवलेले:
एक ढेरपोट्या, पाठीवर कुबड घेऊन बसलेला,
दुसरा शाळेच्या पाटीसारखा, कडेनं पाहिलं तर नाहीच.
दोघांवर तोच खेळ, तोच बोगदा,
तोच मुखवट्यातला माणूस कोपऱ्यातून येणारा.

विक्रेता म्हणाला, हा सपाट घे. चार किलो.
डोळे चुरचुरत नाहीत, वीज निम्मी, टेबल मोकळं.
मी विचारलं, आणि मान झटकन वळवली तर?
तो म्हणाला, आठ मिलिसेकंद.
जणू आठ म्हटलं की प्रश्नच मिटला.

बाबा पडद्याकडे बघतच नव्हते.
जाड्याच्या काचेजवळ त्यांनी नुसता हात नेला;
मनगटावरचे पांढरे केस उभे राहिले.
तेवीस वर्षं त्यांनी पिक्चर ट्यूब केल्या,
इथेच, पानेव्हेझिसमध्ये, नदीपलीकडे.
टीव्हीच्या; संगणकाच्या नव्हे. पण काच ती काच.
आत हवा नसते, सांगायचे मला लहानपणी,
बाहेरचं सगळं आभाळ चारी बाजूंनी दाबतं
आणि काच हूं की चूं करत नाही.
आता आठवड्यातून तीनच दिवस पाळी असते.
घरी त्यावर कोणी बोलत नाही.

सपाट घे, ऊग्ने, ते म्हणाले.
आणि पैसे मोजले, नोटा दोनदा चाचपून.

पहिल्या रात्री मांजर सवयीनं उडी मारून गेलं
ऊबदार पाठीवर झोपायला,
आणि बोटभर कडेवरून थेट कीबोर्डवर पडलं.
मी हसले. मग खेळायला बसले.
बोगद्यातला काळोख काळा नव्हताच,
धुतलेल्या कोटासारखा करडा.
मुखवटेवाला धावला की त्याच्या मागे
त्याचंच एक फिकट उरलेलं धावायचं.
तीनदा मेले. दाउमांतास कानात ओरडला, झोपलीस का!

बाबा चहा घेऊन मागे उभे होते, केव्हापासून कोण जाणे.
म्हणाले, तो होता तिथे मारतेयस तू,
आहे तिथे नाही.

माझा जुना सतरा इंची पलंगाखाली होता.
कडेला गुलाबी झालेला, सुरू होताना दमेकऱ्यासारखा.
रविवारी त्यांनी तो स्वयंपाकघरात घेतला,
आईला म्हणाले, लांब राहा.
बंद करून महिना झाला तरी आत वीज असू शकते, म्हणाले,
विसरत नाही ती लवकर.
पेचकसाला तार बांधली, रबरी टोपीखाली सरकवला.
चट्.
एवढासा आवाज. आईनं तरी क्रूस काढला.
मग ब्रशनं धूळ, मग एक सांधा नव्यानं झाळलेला,
मग मागे कुठलासा स्क्रू, केसभर, परत अर्धा केस.
गेले तीन महिने त्यांचे हात
एवढे खुशीत मी पाहिले नव्हते.

पण सतरा इंच लहान पडतात, मी म्हटलं.
ते गप्प. बुधवारी गाडीच्या डिकीत एकोणीस इंची आला,
कुठल्या तरी बंद पडलेल्या कचेरीतून, तीन बाटल्या बिअरच्या बदल्यात.
बटण दाबलं, धम्म झालं,
चित्र जेलीसारखं थरथरून स्थिर झालं.
काळोख काळा झाला.
मुखवटेवाला आला, एकटाच.

शनिवारी काउनासला सामने.
सहाची बस. तिथे वरच्या मजल्यावर हॉल, लिफ्ट नाही.
एईमुतिसनं रात्रीच लिहिलं होतं:
सपाट आण, वेड्यासारखं करू नकोस.
खरं होतं त्याचं. गेल्या वर्षी माझी पाठ आठवडाभर धरली होती.
सपाटाची पिशवी मी दाराशी तयार ठेवली होती.

पहाटे पाहते तर बाबा कोट घालून उभे,
शेजारी रजईत गुंडाळलेला तो, वर दोर.
मी पिशवीकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.
पिशवी उचलून मी आत ठेवली.

आमचा जिना अंधारा, तिसऱ्या मजल्याचा बल्ब गेलेला.
मधल्या वळणावर ते म्हणाले, थांब जरा,
आणि भिंतीला टेकून श्वास घेतला.
मग म्हणाले, काचेची बाजू छातीशी धर.
जड तीच असते.