दोन भोवरे

मिसेस बॉयकिन फळ्यावर केस काढतात,
खडूने, माझ्या मनगटाएवढा जाड.
बाहेर क्युटिकल : कौलांसारखी खवलं, टोकाकडे उतरत गेलेली,
म्हणून मुळाकडून बोट फिरवलं तर गुळगुळीत,
उलट फिरवलं तर कुरकुर.
आत कॉर्टेक्स : ताकद तिथे, रंगही तिथेच.
मधोमध मेड्युला. "कुणाकुणाला नसतोच," त्या म्हणतात,
"त्यांचं काही अडत नाही."
हे मी वहीत दोनदा लिहिलं.

टोलेडो, ओहायो. फुटपाथवरचं बर्फ राखाडी झालंय.
सोळा मुली, त्यांत सत्तेचाळिसाची मी.
प्रत्येकीच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं एक रबरी मुंडकं.
माझ्या मुंडक्याचं नाव इंदुमती.
तीनशे तासांत तिचे केस खांद्याखालून
कानाच्या पाळीपर्यंत आले.
आता वाढायचे नाहीत.

शून्य अंश : केस पडतो तसा पडू दे,
सगळं वजन खालच्या रेषेवर.
पंचेचाळीस : वजन वर चढतं, कानामागे साचतं.
नव्वद : डोक्यापासून काटकोनात बाहेर, थर सुटतात.
पहिली बट वाटाडी.
तिच्यातले चार केस पुढच्या बटेत घेऊन चालायचं.
वाटाडी हरवली की थांब. अंदाजाने कापू नकोस.
आणि ओला केस ताणतो, खोटं बोलतो;
कपाळावर बोटभर जास्त ठेव,
वाळला की वर उडी मारतो.

कात्रीत फक्त अंगठा हलतो, बाकी बोटं स्थिर.
हे मला शिकवावं लागलं नाही.
मिसेस बॉयकिननी विचारलं, आधी काम केलंयस?
नाही म्हटलं.

आजोबांची धोकटी होती.
वस्तरा, नराणी, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी.
पारावर बसून गाव भादरायचे,
सुगीला पायली-दोन पायली ज्वारी.
वडील कचेरीत कारकून लागले
आणि बदलीच्या गावी कुणी आडनाव विचारलं
की खिडकीबाहेर बघायचे.
न्हाव्याचा उकिरडा, उकरावा तितके केसच :
ही म्हण कुणी सहज बोललं, दुसऱ्याच कशावरून,
तरी त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.
धोकटी त्यांनी कुठे टाकली?
विचारायचं राहिलं.

मंगळवारी खरी डोकी येतात.
सहा डॉलर, आणि चूक सोसायची तयारी.
माझ्या खुर्चीत मिस्टर कोवाल्चिक,
एकतीस वर्षं काचेच्या भट्टीपाशी;
भुवया तेव्हा जळाल्या त्या नीट आल्याच नाहीत.
केस बायको कापायची, स्वयंपाकघरात, टॉवेल गुंडाळून.
मार्चपासून कुणी कापले नाहीत.

मानेपासून कंगवा वर नेला
तर टाळूवर दोन भोवरे,
एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले.
पुस्तक म्हणतं : इथे ताण देऊ नका, लांबी राखा,
केस वाढतो त्या दिशेने जा.
मी म्हटलं, आमच्याकडे दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं.
म्हटलं आणि जीभ चावली.

ते आरशातून बघत राहिले.
"झालीच की दोन," म्हणाले. "दोन्ही तिच्याशीच.
एकदा सत्तर साली. मग घटस्फोट.
मग एकोणऐंशीत, तिला माझे केस बघवेनात म्हणून."
हसताना त्यांचे खांदे हलले.
मी कात्री वर धरून थांबले.

आडवं कापलेलं उभं धरून तपासायचं असतं.
मिसेस बॉयकिननी दोन बोटांत बट धरली :
"डावीकडे जरा जास्त."
जरा म्हणजे किती, ते मला आमच्या भाषेत ठाऊक होतं.
केसभर.
तेवढंच कापलं.

संध्याकाळी झाडू माझ्याकडे.
तांबडे, काळे, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले, जांभळा रंग दिलेले,
आणि खुर्चीखाली कोवाल्चिकांचे पांढरे.
सुपलीत ढीग झाला.
वर्ग रिकामा होता. ती म्हण मी मोठ्याने म्हटली,
अख्खी, न अडखळता.
इंदुमतीने ऐकली.
मग मला कडकडून भूक लागली.
डबा उघडला.